गवती चहाचे बेट कधी फोडावे?

मित्रमैत्रिणींनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात गवती चहाचे तीन डबे आहेत. एक ऑफिसच्या दाराशी, दुसरा पाण्याच्या टाकीजवळ आणि तिसरा सातवीच्या वर्गाच्या कोपऱ्यावर. पालकसभेच्या चहाला पात इथूनच जाते. जूनमध्ये शाळा उघडली की या डब्यांपाशी एक वाक्य हमखास ऐकू येते, "गुरुजी, एखादं ठोंब द्या की!" या वर्षी तर मागणाऱ्यांची नावे लिहायला वही करावी लागली. वहीत अकरा नावे झाली आहेत.

मागणाऱ्यांचे काही चुकत नाही. गवती चहा असाच घरोघर पोचलेला आहे. पण मागणी आली म्हणून बेट फोडायचे, की बेटाची वेळ झाली म्हणून फोडायचे, हा खरा प्रश्न आहे. वेळेआधी फोडले तर नेणाऱ्याचे ठोंब वाळते आणि देणाऱ्याचे बेटही खचते. फार उशीर केला तर बेट मधूनच मरू लागते. म्हणजे घाई नको आणि आळसही नको. मग वेळ झाली हे ओळखायचे कसे? तेच आज पाहू या.

हा चहा नव्हे, गवत आहे

नावात चहा असला तरी चहाच्या मळ्यातल्या झुडपाशी याचे काही नाते नाही. हे गवत आहे. ज्वारी, बाजरी, भात आणि ऊस यांच्याच कुळातले. शास्त्रात याला सिंबोपोगॉन सिट्रेटस म्हणतात. कोणी याला पातीचा चहा असेही म्हणतात. पात चुरगळली की लिंबासारखा वास येतो, तो तिच्यातल्या तेलामुळे. त्या तेलात सिट्रल नावाचा घटक सर्वांत जास्त असतो, आणि लिंबाच्या सालीतही तो थोडा असतो. म्हणून वास ओळखीचा वाटतो.

दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या उष्ण, दमट भागातले हे गवत. त्याला ऊन हवे, ऊब हवी आणि पाणी हवे. पण साचलेले पाणी चालत नाही. ही आवड लक्षात ठेवा, पुढे हंगाम ठरवताना तिचा उपयोग होणार आहे.

विज्ञानाच्या पुस्तकात आपण सोटमूळ आणि तंतुमूळ शिकलो. गवती चहाची मुळे तंतुमुळे. एक जाड मूळ खोल जात नाही, तर दोऱ्यांसारखी असंख्य मुळे चोहीकडे पसरतात. जमिनीलगत बुडख्यापासून नवे नवे कोंब येतात, त्यांना आपल्याकडे फुटवे म्हणतात. एका फुटव्याचे दहा होतात, दहाचे तीस होतात आणि बेट तयार होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे घरोघर लावतात त्या गवती चहाला फुले क्वचितच येतात आणि त्यापासून बी मिळत नाही. केरळात तेलासाठी शेतात लावतात ती जात वेगळी, तिला बी धरते. केरळातील ओडक्कली येथे १९५१ मध्ये या गवतासाठी संशोधन केंद्र सुरू झाले आणि तिथे निवडलेला 'सुगंधी' हा वाण प्रसिद्ध आहे. पण आपल्या डब्यातल्या गवती चहाला वाढवायचा मार्ग एकच, तो म्हणजे बेट फोडून ठोंब लावणे. तुमच्या दारातला गवती चहा कोणाच्या तरी दारातल्या बेटाचाच तुकडा आहे. बेट मेले तर बी पेरून ते परत आणता येत नाही. म्हणून फोडण्याआधी विचार करायचा.

आधी तीन प्रश्न विचारा

बेटासमोर बसून तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींचे उत्तर 'होय' आले तरच बेट फोडायचे.

पहिला प्रश्न : डब्यात जागा संपली आहे का?

दुसरा प्रश्न : बेटात वाटून देण्याइतकी ताकद आहे का?

तिसरा प्रश्न : हंगाम बरोबर आहे का?

आता एकेक प्रश्न नीट बघू.

जागा संपली, हे कसे कळते?

पाने पाहून नव्हे, तर मुळे पाहून. पुढच्या खुणा तपासा.

१) डब्याच्या तळाच्या भोकांतून मुळे बाहेर आली आहेत. एखादे मूळ डोकावले तर काही नाही, पण झुपका बाहेर आला असेल तर आत दाटी झाली.

२) पाणी घातले की ते लगेच खालून निघून जाते आणि दुपारपर्यंत पाती पुन्हा मलूल होतात. कारण सोपे आहे. पाणी धरून ठेवते ती माती. डब्यात मुळेच मुळे झाली की मातीला जागा राहत नाही, मग पाणी धरणार कोण?

३) बुडखे मातीच्या वर चढलेले दिसतात. नवा फुटवा जुन्याच्या कडेला आणि थोडा वरच्या अंगाला येतो. असे दोन-तीन वर्षे झाले की बेट डब्यातून वर उचलल्यासारखे दिसते आणि वरची मुळे उघडी पडतात.

४) पत्र्याचा डबा फुगतो किंवा प्लॅस्टिकची बादली एका बाजूने ताणली जाते.

५) बेटाचा मधला भाग वाळलेला आणि पोकळ, आणि हिरवे फुटवे फक्त कडेला गोल. जुने फुटवे मधे असतात, ते आपले आयुष्य संपवून वाळतात. नवे बाहेरच्या बाजूला येतात. जमिनीत असते तर बेट पसरत गेले असते. डब्यात ते पत्र्याला जाऊन टेकते आणि पुढे वाट नसते.

यातली पाचवी खूण दिसली तर उशीर झाला असे समजावे. पहिल्या चारांपैकी दोन दिसल्या तर वेळ आली असे समजावे.

दुसऱ्या खुणेबाबत एक सावधगिरी. कधी कधी माती फार सुकून डब्याच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली जाते. मुळांची दाटी नसतानाही तसेच दिसते. म्हणून आधी डबा अर्धा तास पाण्याच्या टपात ठेवा, माती पूर्ण भिजू द्या आणि नंतर दोन दिवस पाहा. पाणी टिकू लागले तर दोष दाटीचा नव्हता, तहानेचा होता.

शंका राहिलीच तर पक्की परीक्षा आहे. आदल्या दिवशी पाणी घाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसाच्या मदतीने डबा आडवा करून थोपटा आणि मुळांसकट मातीचा गोळा बाहेर काढा. या गोळ्याला रोपवाटिकेत हुंडी म्हणतात. हुंडीवर माती जास्त आणि मुळे कमी दिसली तर गुपचूप परत डब्यात ठेवा. मुळे गोल गोल फिरून डब्याच्याच आकाराची टोपली विणल्यासारखी दिसली तर जागा संपली.

पाने फसवतात

पाती पिवळी पडली की पहिला सल्ला मिळतो, "डबा बदला!" पण थांबा. पाती पिवळी पडायला इतर कारणेही आहेत. भोके बुजून पाणी तुंबले तरी पिवळी पडते. खत नसले तरी पडते. सावलीत ठेवले तर पाती लांब, बारीक आणि फिकट होतात. यांपैकी कशालाही बेट फोडणे हा उपाय नाही. तुंबलेल्याला भोके मोकळी करून द्या, भुकेल्याला मूठभर गांडूळखत द्या आणि सावलीतल्याला उन्हात ठेवा. आजारी बेट फोडणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला प्रवासाला पाठवण्यासारखे आहे.

ताकद आहे का?

यासाठी फुटवे मोजायचे. मोजणे अवघड नाही, पहिलीतली मुलेसुद्धा मोजतात. फक्त मोजताना हिरवे, घट्ट आणि बुडाशी जाड असलेले फुटवेच धरायचे. वाळके धरायचे नाहीत.

शेतात एका जागी एक किंवा दोन फुटवे लावले तरी चालते, कारण जमिनीत मुळांना मोकळीक असते आणि दहा वाळले तरी शेकडो उरतात. घरी मात्र एकच ठोंब असते. ते वाळले की संपले. म्हणून घरासाठी एका ठोंबात तीन-चार फुटवे ठेवावेत आणि प्रत्येकाला स्वतःची मुळे असावीत. मूळ नसलेला फुटवा म्हणजे नुसती काडी.

आता हिशेब करा. बेटात आठ-दहा फुटवे असतील तर फोडून मिळणार दोन ठोंबे, आणि दोन्ही अशक्त. तेव्हा थांबणे बरे. वीसच्या पुढे असतील तर वाटणी करता येते.

हंगाम कोणता?

फोडताना कितीही जपले तरी मुळे तुटतात. तुटलेली मुळे पाणी कमी ओढतात, पण पाने तर पाणी उडवतच असतात. ही तूट भरून निघेपर्यंत ठोंब कसेबसे तग धरते. हवा कोरडी आणि गरम असेल तर पाने जास्त पाणी उडवतात आणि ठोंब वाळते. हवा दमट आणि उबदार असेल तर पाणी कमी उडते आणि नवी मुळे लवकर फुटतात.

म्हणून आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात सर्वांत चांगली. मृगाचा पाऊस पडून जमीन मुरली, वारा ओला झाला, की पुढचे महिनाभर चालते. ज्या गावांत पाऊस उशिरा येतो तिथे तारखेकडे पाहू नये, आभाळाकडे पाहावे. कोकणात उलट काळजी घ्यावी लागते. तिथे आषाढातल्या धारांत नवे ठोंब कुजू शकते. डबा पडवीत ठेवावा, पण पागोळ्यांखाली ठेवू नये. पागोळी एका जागी पडून माती वाहून नेते आणि मुळे उघडी पाडते.

पाण्याची सोय असेल तर थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीसही फोडता येते. पण एप्रिल-मेच्या झळांत फोडू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही फोडू नये, कारण तेव्हा वाढ मंद असते आणि जखम लवकर भरत नाही.

आपल्या तीन डब्यांचा निकाल

वरचे तीन प्रश्न आमच्या गटाने शाळेच्या तिन्ही डब्यांना विचारले. उत्तरे तीन प्रकारची आली.

ऑफिसच्या दाराशी असलेला डबा : पाच किलोचा तेलाचा डबा, लावून तीन वर्षे झाली. हिरवे फुटवे बावीस. तळातून मुळे बाहेर, बुडखे वर चढलेले. पण मधला भाग अजून हिरवागार आहे. जागा संपली आहे, ताकद आहे, हंगामही आहे. म्हणजे हे बेट फोडता आले असते. तरी आम्ही फक्त डबा बदलायचे ठरवले आहे. का, ते तिसऱ्या डब्यापाशी कळेल.

टाकीजवळचा डबा : गेल्या जुलैत तीन फुटव्यांचे ठोंब लावले होते. आज नऊ फुटवे आहेत. वरून हा डबा सर्वांत ताजा दिसतो, त्यामुळे सगळे याच्याकडेच बोट दाखवतात. पण हुंडी काढून पाहिली तर माती जास्त, मुळे कमी. याला या वर्षी हात लावायचा नाही. दिसायला छान आहे म्हणून फोडणे म्हणजे दुधाची दाढ पडली नसताना दात मोजण्यासारखे आहे.

सातवीच्या कोपऱ्यावरचा डबा : पंधरा किलोचा डबा, पाच वर्षे झाली. मोजले तर छेचाळीस फुटवे, त्यांतले मधले चौदा वाळलेले. उरले बत्तीस. डबा एका बाजूने फुगला आहे आणि तळ गंजला आहे. हे बेट या पावसाळ्यात फोडलेच पाहिजे. तेलासाठी शेतात लावलेला गवती चहासुद्धा साधारण पाच वर्षांनी काढून नव्याने लावतात. आपले बेट तर डब्यातले आहे.

बत्तीस भागिले चार, म्हणजे आठ ठोंबे. त्यांतले एक नव्या डब्यात याच जागी लावू. एक परसबागेत वाफ्याच्या कडेला लावू. उरली सहा. ती वहीतल्या नावांच्या क्रमाने देऊ.

"मग ऑफिसजवळचा डबाही फोडा की, अकरा जणांना पुरतील!" असे कोणी म्हणेल. हिशेबाने बरोबर आहे. पण दोन्ही मोठी बेटे एकाच वेळी फोडली आणि पावसाने महिनाभर ताण दिला, तर दोन्ही जातील. मागे उरेल फक्त टाकीजवळचे लहान बेट. शिवाय नवी ठोंबे दोन-अडीच महिने कापता येत नाहीत, तेवढे दिवस शाळेत पातच राहणार नाही. एक फोडायचे आणि एक राखायचे, यात शहाणपण आहे. शेतकरीही सगळे बियाणे एकाच दिवशी पेरत नाही.

डबा बदलायचा असेल तर

नवा डबा जुन्यापेक्षा सर्व बाजूंनी साधारण चार बोटे मोठा घ्यावा. फार मोठा नको. जिथवर मुळे पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते.

तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडा. हे काम मोठ्यांनी करावे, पत्र्याची धार हात कापते. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. तळाला दगड-विटांचा जाड थर घालायची पद्धत आहे. पण त्याने पाणी लवकर निघते हा समज बरोबर नाही. वरच्या मातीतले पाणी तसेच राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोके मोकळी असणे हेच महत्त्वाचे.

दोन घमेली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेले वाळू, असे मिश्रण करा. कच्चे शेण घालू नका, ते कुजताना तापते आणि मुळांना इजा होते. हुंडीच्या कडेची गोल फिरलेली मुळे बोटांनी हलकेच मोकळी करा. पूर्वी जेवढे बुड मातीत होते तेवढेच पुन्हा मातीत ठेवा. वर चढलेली मुळे मात्र झाकून घ्या.

बेट फोडायचे असेल तर

१) आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. ओली हुंडी सुटी होते, कोरडी तुटते.

२) पाती विळ्याने कापून वीतभर ठेवा. पाने कमी झाली की पाणी उडणेही कमी होते, हे वर सांगितलेच आहे. कापलेली पात वाया घालवू नका, सावलीत वाळवून ठेवा.

३) पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. गवती चहाच्या पातीची कड बारीक करवतीसारखी असते, हाताला चरे पडतात.

४) हुंडी बाहेर काढा. आधी मधला वाळका भाग शोधा. बेट तिथेच सहज फाकते. जमेल तेवढे हातानेच वेगळे करा. अडले तरच खुरप्याने किंवा धारदार सुरीने कापा. कापणारा मोठा माणूस असावा.

५) प्रत्येक ठोंबात तीन-चार फुटवे आणि त्यांची मुळे येतील असे पाहा. वाळके बुडखे आणि काळी, मऊ पडलेली मुळे काढून टाका. खूप लांब मुळे वीतभर ठेवून कापली तरी चालतात.

६) ठोंबे उघडी ठेवू नका. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. मुळांना तासभर ऊन-वारा लागला तरी बारीक मुळे वाळतात.

७) लावल्यावर भोवतालची माती हाताने दाबा, पायाने नको. पाणी घाला.

पहिला महिना

पहिले आठ-दहा दिवस डबा सावलीत ठेवा, नंतर हळूहळू उन्हात आणा. माती ओलसर असावी, चिखल नसावा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा. ओल लागली तर पाणी घालू नका. पहिला महिना रासायनिक खत देऊ नका, कारण जखमी मुळांना ते जाळते.

जुन्या पाती पिवळ्या पडल्या तर घाबरू नका. मधून नवी हिरवी सुरळी वर आली की ठोंब धरले असे समजा. उपटून पाहू नका! रोज उपटून पाहिलेले ठोंब कधीच धरत नाही.

उन्हाळ्यात पत्र्याचा डबा चटके बसतील इतका तापतो आणि कडेची मुळे भाजतात. तेव्हा डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे किंवा दुपारची सावली मिळेल तिथे तो सरकवावा.

दुसऱ्या कुंड्यांनाही हाच नियम का?

तीन प्रश्न तेच, पण प्रत्येक झाडाची उत्तरे वेगळी.

कोरफड : आईच्या कडेला पिल्ले येतात. पिल्लू वीतभर झाले आणि त्याला स्वतःची मुळे आली की वेगळे करावे. कापलेली जागा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मगच लावावे. लावल्यावर लगेच पाणी नको. गवती चहाला पावसाळा मानवतो, पण कोरफडीचे पिल्लू भर पावसात कुजते. ते उघडिपीत वेगळे करावे.

स्नेक प्लांट : सापासारख्या पट्ट्यांची उभी पाने असलेले हे झाड पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातले. पूर्वी याला शास्त्रात संसेव्हिएरिया म्हणत. २०१७ मध्ये याचे नाव बदलून ड्रासिना ट्रायफॅसिएटा झाले. याला दाटी चालते, त्यामुळे कुंडी तडकेपर्यंत घाई करू नये. याच्या पानाचा तुकडा लावूनही रोप होते. पण पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावले तर नव्या रोपाला पिवळा काठ राहत नाही, ते हिरवेच येते. काठ हवा असेल तर जमिनीतला गड्डा कापून वेगळा करणे हाच मार्ग.

मनी प्लांट : ही वेल प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. हिला फोडायची गरजच नाही. पेर असलेला तुकडा कापून पाण्यात किंवा मातीत लावला की मुळे फुटतात.

म्हणजे शेजारच्या झाडाला लागू पडले ते आपल्याला पडेलच असे नाही. वर्गात सगळे सारखे दिसलो तरी प्रत्येकाच्या पायाचे माप वेगळे असते, तसेच हे.

ठोंब नेणाऱ्यांसाठी दोन शब्द

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीच्या कोपऱ्यावरचे बेट फोडू. पाऊस नसेल तर पुढच्या शनिवारी. ज्यांची नावे पहिल्या सहांत आहेत त्यांनी ओले गोणपाट किंवा जुने सुती फडके घेऊन यावे. घरी डबा, माती आणि भोके आधीच तयार ठेवावीत. ठोंब घरी पोचल्यावर डबा शोधायला लागू नये.

ज्यांचे नाव सातव्यापासून पुढे आहे त्यांनी नाराज होऊ नये. ऑफिसजवळचे बेट पुढच्या पावसाळ्यात फोडायचे आहे आणि वही तीच राहणार आहे. तोपर्यंत पात हवी असेल तर ती न्यायला ठोंब लागत नाही. बाहेरच्या बाजूची पात चार बोटे बुडखा ठेवून कापली की पुन्हा फुटते. आम्ही वहीतल्या लोकांना विचारून पाहिले, तर बऱ्याच जणांना चहापुरती पातच हवी होती. तेवढ्यासाठी बेट फोडायचे कारण नाही.

आणि एक विनंती. आज नेलेले ठोंब दोन-तीन वर्षांनी बेट होईल. तेव्हा तुमच्याही दारात कोणी येऊन म्हणेल, "एखादं ठोंब द्या की!" त्या वेळी लगेच होय म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आधी डब्यासमोर बसा आणि विचारा : जागा संपली का? ताकद आहे का? हंगाम आहे का?

तीनदा होय आले की खुशाल फोडा, आणि मोकळ्या हाताने द्या.

— परसबाग गट, इयत्ता सातवी